राज्य विधिमंडळांचे निवडणूकविषयक अधिकार

मतदानाची पद्धती व साधने आणि राष्ट्रप्रमुखाची निवड यांबाबत संघराज्यातील घटक राज्याच्या विधिमंडळास संविधानाने दिलेले अधिकार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे अधिकार बरेच व्यापक आहेत. तेथील संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक कोणत्या रीतीने नेमावयाचे, हे प्रत्येक राज्याचे विधिमंडळ ठरविते. मतदानयंत्रांची निवडही मुख्यतः राज्यांच्या कायद्यांनुसार होते. मात्र काँग्रेसच्या निवडणुकांसंबंधी विधिमंडळाने केलेले नियम राज्याच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर नाहीत, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मूर विरुद्ध हार्पर या खटल्यात स्पष्ट केले.

भारतात स्थिती जवळजवळ उलट आहे. येथे विधिमंडळ या संस्थेकडे अल्प अधिकार आहेत. तिच्या निर्वाचित सदस्यांच्या मताला मात्र मोठे वजन आहे. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा येथील निवडणुकांवरून हा भेद चांगला कळतो. पेण विधानसभा मतदारसंघात पेण व सुधागड तालुक्यांबरोबर रोहा तालुक्याचा नागोठणे परिसर येतो. तेथील मतदार आपला आमदार यंत्राचे बटण दाबून निवडतो. तो आमदार राष्ट्रपतीसाठी कागदी मतपत्रिकेवर मत देतो. आणि या दोन्ही पद्धतींत बदल करणे मुंबईतील विधिमंडळाच्या हाती नाही.

संविधानाच्या ३२७ व्या अनुच्छेदाने संसदेच्या तसेच राज्य विधिमंडळांच्या निवडणुकांविषयी कायदे करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यापुढील ३२८ व्या अनुच्छेदानुसार राज्य विधिमंडळास स्वतःच्या निवडणुकांविषयी तरतूद करता येते. पण संसदेने जेथे तरतूद केलेली नाही, तेवढ्यापुरतीच. राज्यसूचीतील ३७ व्या नोंदीलाही हीच मर्यादा आहे. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० व १९५१ च्या अधिनियमांनी संसदेने हे क्षेत्र इतके व्यापले आहे, की राज्यांसाठी फारशी जागा उरलेली नाही.

मतदानयंत्राच्या बाबतीत याची कसोटी प्रथम केरळात लागली. मे १९८२ मध्ये परूर मतदारसंघातील ५० मतदान केंद्रांवर निवडणूक आयोगाने यंत्रे वापरली. कायद्यात मतपत्रिकेचीच तरतूद असताना आयोगास आपल्या सर्वसाधारण अधिकारात यंत्र आणता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. पुढे १९८८ मध्ये संसदेने १९५१ च्या अधिनियमात ६१ अ हे कलम घातले. ते १५ मार्च १९८९ पासून अंमलात आले. कोणत्या मतदारसंघात यंत्रे वापरावयाची, हे आयोगाने परिस्थिती पाहून ठरवावे, असे हे कलम सांगते. गोव्यात १९९९ मध्ये विधानसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर झाली, तर २००४ मध्ये लोकसभेची.

फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष नाना पटोले यांनी यंत्राबरोबरच मतपत्रिकेचाही पर्याय मतदारास देणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करण्याची सूचना केली. तिचा आधार ३२८ वा अनुच्छेद हाच होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि कायदा झाला नाही. मतदाराच्या मनातील शंका दूर व्हावी, हा त्यामागील हेतू क्षुल्लक म्हणता येणार नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा आधार दुबळा होता. ६१ अ कलमाने यंत्र सक्तीचे केलेले नाही हे खरे. पण निवड करण्याची मुभा आयोगाला दिली आहे, राज्याला नव्हे. संसदेने ज्या विषयाची व्यवस्था लावली, तेथे ३२८ व्या अनुच्छेदाला शिरकाव नाही. सर्व ठिकाणी मतपत्रिका पुन्हा आणावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत यंत्र नाही, याचे कारण तांत्रिक आहे. ही निवडणूक एकल संक्रमणीय मताने होते. मतदार उमेदवारांना पसंतिक्रम देतो, आणि प्रचलित यंत्र केवळ मतांची बेरीज करते. संसद सदस्य व विधानसभांचे सदस्य यांपैकी केवळ निर्वाचितांनाच मताधिकार असतो. विधान परिषदेला तो नाही. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तीस २८८ ने व नंतर १,००० ने भागल्यावर एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ येते. या निवडणुकीसंबंधीचा कायदा करण्याचा अधिकार ७१ व्या अनुच्छेदाने संसदेस दिला आहे. एखादी विधानसभा विसर्जित झालेली असली, तरी निवडणूक थांबत नाही. गुजरातची विधानसभा अस्तित्वात नसताना १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच अभिप्राय दिला.

सदस्यांच्या पसंतिक्रमाचे महत्त्व १९६९ च्या निवडणुकीत प्रकर्षाने दिसले, आणि तिचा संबंध रोह्याशी आहे. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. पहिल्या पसंतीची मते गिरी यांना ४,०१,५१५, संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. कोणालाही आवश्यक कोटा गाठता आला नाही. मग मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजण्यात आली. देशमुखांच्या मतपत्रिकांतून बराच मोठा वाटा रेड्डींकडे वळला, तरी अखेरीस गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे विजयी झाले.

राज्य विधिमंडळाचा खरा अधिकार स्थानिक संस्थांपुरता आहे. पेण नगरपरिषद व रोहा अष्टमी नगरपरिषद यांच्या निवडणुका राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषदाविषयक अधिनियमानुसार होतात आणि २४३ झेड ए या अनुच्छेदानुसार त्यांविषयी तरतुदी राज्य विधिमंडळ करू शकते. संचालन राज्य निवडणूक आयोगाकडे असते. छत्तीसगढमध्ये २०१९ च्या नागरी निवडणुका मतपत्रिकांवर झाल्या. महाराष्ट्रात या निवडणुकांत यंत्रे वापरली जातात, परंतु विधानसभेच्या निवडणुकीत यंत्राला जोडलेली पडताळणी चिठ्ठीची सोय २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांत नव्हती.