ख्रिस्ती श्रद्धा व ज्यू परंपरा

ख्रिस्ती धर्माच्या श्रद्धा, उपासना व पवित्र ग्रंथ यांचा ज्यू (यहुदी) धर्माशी असलेला उत्पत्तिसंबंध. येशू ख्रिस्त, त्याची माता मरिया, त्याचे बारा प्रेषित आणि सेंट पॉल हे सर्व जन्माने ज्यू होते. आद्य ख्रिस्ती मंडळी पहिल्या शतकात पॅलेस्टाइनमध्ये ज्यू धर्माच्या अंतर्गत एक पंथ म्हणून उदयास आली. पुढे दोन्ही धर्म विभक्त झाले, तथापि ख्रिस्ती धर्माची बहुतेक मूलभूत परिभाषा ज्यू परंपरेतूनच आलेली आहे. मुंबईलगतचे साष्टी बेट (अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे व ठाणे शहर यांचा प्रदेश) आणि पूर्वीच्या कुलाबा (विद्यमान रायगड) जिल्ह्याचा किनारा यांत या दोन्ही धर्मांचे मराठी भाषिक अनुयायी दीर्घकाळ शेजारी राहत आले आहेत. एकाच पूर्वपरंपरेचे दोन भिन्न अर्थ एकाच भाषेत कसे व्यक्त झाले, हे त्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

उत्तर कोकणातील दोन समाज : बेने इस्राएल म्हणजे ‘इस्राएलचे पुत्र’. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. हिब्रू ग्रंथांशी संपर्क तुटला असतानाही सुंता, शब्बाथपालन, आहारविषयक निर्बंध आणि एकेश्वरत्वाची ‘शेमा’ ही घोषणा त्यांनी टिकवून धरली. अठराव्या शतकापासून ते मुंबईत येऊ लागले. सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये तेथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर (सिनेगॉग) उभारले. ठाण्याचे प्रार्थनामंदिर १८७९ मधील आहे.

ख्रिस्ती धर्माचा या भागाशी संबंध पोर्तुगीजांपूर्वीचा आहे. १३२१ मध्ये ठाण्यास मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांना तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी आश्रय दिला होता. या पंथाची उपासनाभाषा सिरियाक असून ती येशूच्या बोलभाषेची, म्हणजे अरामाइकची, एक शाखा होय. १५३४ मध्ये वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर कोळी, कुणबी, भंडारी, आगरी इ. जातींतील अनेक कुटुंबे रोमन कॅथलिक झाली. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर लेणे फ्रान्सिस्कनांनी चर्चमध्ये रूपांतरित केले. अंधेरी भागात जेझुइटांनी १५७९ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने चर्च बांधले. या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यांची घरगुती भाषा मराठीची एक बोली आहे.

पवित्र ग्रंथ : ज्यू बायबलचे तोरा (नियमशास्त्र), नबीईम (संदेष्टे) व केतुवीम (लेख) असे तीन विभाग असून आद्याक्षरांवरून त्यास ‘तनख’ म्हणतात. ख्रिस्ती लोक या ग्रंथांना ‘जुना करार’ म्हणतात. हे नाव ख्रिस्ती दृष्टिकोनातूनच दिलेले आहे. कारण ज्यू मताने ईश्वराने इस्राएलशी केलेला करार जुना झालेला नाही. ‘नवा करार’ ही कल्पनादेखील मूळची ज्यूच असून ती संदेष्टा यिर्मया याच्या ग्रंथात आढळते. यिर्मयाने तो करार इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांशी होईल असे म्हटले, तर ख्रिस्ती मंडळीने तो येशूच्या मृत्यूने सर्व मानवांशी झाला असे मानले. दुसऱ्या शतकात मार्शन याने ज्यू ग्रंथ सर्वस्वी त्याज्य ठरविण्याचा आग्रह धरला. परंतु मंडळीने त्यालाच बहिष्कृत केले. ख्रिस्ती धर्माने ज्यू वारसा स्वीकारण्याचा हा निर्णय त्याच्या पुढील इतिहासास निर्णायक ठरला.

ग्रंथ तेच असले, तरी त्यांचा क्रम व अर्थ भिन्न आहेत. तनखची अखेर ‘इतिहास’ या ग्रंथाने, जेरूसलेमला परतण्याच्या आवाहनावर होते. ख्रिस्ती जुना करार मलाखी या संदेष्ट्याने संपतो व त्याचा शेवट एलिया पुन्हा येईल या आश्वासनाने होतो. त्यामुळे लगेच नंतर येणारी शुभवर्तमाने त्या आश्वासनाची पूर्ती म्हणून वाचली जातात. अर्थभेदाचे प्रसिद्ध उदाहरण यशयाच्या सातव्या अध्यायातील आहे. तेथील ‘अल्मा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री असा आहे. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्यासाठी कुमारिका या अर्थाचा शब्द आला. मत्तयाने ग्रीक पाठाच्या आधारे ते वचन येशूच्या जन्माला लावले. ज्यू भाष्यकार मात्र त्याचा संबंध आहाज राजाच्या समकालीन घटनांशी जोडतात.

मसीहा व एलिया : ‘मशीआह’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा असून ‘ख्रिस्तोस’ हा त्याचा ग्रीक अनुवाद होय. म्हणजे ‘येशू ख्रिस्त’ या नावातच एक ज्यू श्रद्धाविधान सामावलेले आहे. दावीदाच्या वंशातील मसीहा येऊन इस्राएलची मुक्तता करील व जगात शांतता नांदेल, ही ज्यूंची अपेक्षा होती. येशू क्रूसावर मरण पावला आणि जग पूर्वीसारखेच राहिले. म्हणून बहुसंख्य ज्यूंनी त्याला मसीहा मानले नाही. त्याच्या अनुयायांनी यशयातील दुःखभोगी सेवकाच्या वर्णनाच्या आधारे मसीहाचे दुःखभोग व पुनरागमन अशी दुहेरी कल्पना मांडली. मृतांच्या पुनरुत्थानावरील श्रद्धाही नवीन नव्हती. परूशी पंथ ती मानीत असे, सदूकी मानीत नसत. तथापि अंतकाळी सर्वांचे अपेक्षित असलेले पुनरुत्थान एका व्यक्तीच्या बाबतीत आधीच घडले, हा ख्रिस्ती दावा नवीन होता.

एलियाविषयीच्या श्रद्धेत हा भेद विशेष ठळक दिसतो. बेने इस्राएलांच्या धर्मजीवनात ‘एलियाहू हन्नाबी’ला असाधारण स्थान आहे. नवस फेडताना व मंगलप्रसंगी ते ‘मलिदा’ हा विधी करतात. त्यात गोड केलेले पोहे, खोबरे व फळे यांचे ताट मांडून एलियाचे स्तवन केले जाते. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे एलियाचा रथ स्वर्गात जाताना खडकावर उमटलेली खूण दाखविण्यात येते. त्यांच्या दृष्टीने मसीहाचा हा अग्रदूत अद्याप यावयाचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार मात्र तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. अंधेरीचे १५७९ मधील चर्च ज्या योहानाच्या नावाने आहे, तो हाच. साष्टीतील ख्रिस्ती भाविक त्याचा सण झालेल्या घटनेचे स्मरण म्हणून पाळतात. एलियाचे स्तवन करणारा बेने इस्राएल शेजारी अजून त्या घटनेची वाट पाहतो. दोहोंचा आधार मलाखीचे एकच वचन आहे.

एकेश्वरत्व व नियमशास्त्र : ईश्वर एकच आहे, ही शेमातील घोषणा येशूने सर्वश्रेष्ठ आज्ञा म्हणून सांगितली, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. पुढे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत विकसित झाला. ख्रिस्ती मताने तो एकेश्वरत्वाशी सुसंगत आहे, ज्यू मताने नाही. नियमशास्त्राचा प्रश्न सु. इ. स. ४९ मध्ये जेरूसलेमच्या परिषदेत उपस्थित झाला. ज्यूतरांनी ख्रिस्ती होताना सुंता करण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय तेथे झाला व पॉलने तो तत्त्वरूपाने मांडला. यामुळे ख्रिस्ती धर्म विविध वंशांत पसरू शकला. त्याबरोबरच तो ज्यू समाजापासून दुरावत गेला. इ. स. ७० मध्ये जेरूसलेमचे मंदिर नष्ट झाले आणि १३२–१३५ चा बार कोखबाचा उठाव अयशस्वी ठरला. त्यानंतर हा दुरावा वाढला. परंतु फारकत एकाएकी न होता कित्येक शतके चालू होती. सुंतेचा त्याग केलेल्या मंडळीच्या पंचांगात १ जानेवारी हा दिवस अनेक शतके येशूच्या सुंतेचा सण म्हणून पाळला जात होता.

सण व उपासना : ईजिप्तमधील दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण म्हणजे ज्यूंचा वल्हांडण (पेसाह). पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार येशूचे अखेरचे भोजन वल्हांडणाचे होते; योहानाच्या शुभवर्तमानानुसार त्याला वल्हांडणाच्या आदल्या दिवशी क्रूसावर देण्यात आले. बेखमीर भाकर, द्राक्षारस व यज्ञाचे कोकरू यांना नवा अर्थ देऊन प्रभुभोजनाचा विधी सिद्ध झाला. आशिया मायनरमधील काही मंडळ्या ईस्टर ज्यू निसान महिन्याच्या १४ तारखेस पाळीत. ३२५ च्या नायसिया परिषदेने ज्यू कालगणनेवर विसंबणे अमान्य केले. शब्दाने मात्र मूळ सोडले नाही : पेसाहपासून ग्रीक ‘पास्खा’, पोर्तुगीज ‘पाश्कोआ’ व गोव्याच्या कोकणीतील ‘पास्कांचें फेस्त’ अशी त्याची परंपरा आहे. गंमत अशी, की बेने इस्राएलांमध्ये हिब्रू नावे लुप्त होऊन सणांना ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’, ‘दारफाळणीचा सण’ अशी मराठी नावे पडली होती. हिब्रू शब्द ख्रिस्ती घरात आणि हिब्रू सण मराठी नावाने ज्यू घरात, अशी ही अवस्था होती. ‘आमेन’, ‘हालेलुया’ व ‘होसान्ना’ हे हिब्रू शब्द मराठी ख्रिस्ती उपासनेत तसेच राहिले, आणि स्तोत्रसंहिता ही दोन्ही धर्मांची समाईक प्रार्थनापोथी होय.

ख्रिस्तपुराण : फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट गोव्यातील साष्टी महालात (मुंबईच्या साष्टीहून हा प्रदेश वेगळा) कार्य करीत होता. त्याचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सु. ११,००० ओव्यांच्या या काव्याचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची, म्हणजे ज्यू ग्रंथांतील, कथा सांगते; ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र वर्णिते. आदाम, नोहा, आब्राहाम व मोशे यांच्याखेरीज ख्रिस्ताचा अर्थ लागत नाही, ही कवीची भूमिका या रचनेतच दिसते. मात्र तीत ज्यू कथा ख्रिस्ताच्या आगमनाची पूर्वतयारी म्हणून येते. तीच कथा आपला इतिहास मानणारा मराठी समाज कोकणातच नांदत होता, याची दखल त्या काव्यात नाही.

विद्वेषाचे पर्व : ज्यू धर्माची जागा आता मंडळीने घेतली आहे आणि ख्रिस्ताच्या वधाचा दोष संपूर्ण ज्यू समाजावर आहे, अशी शिकवण युरोपात रूढ झाली. तिचे परिणाम कोकणापर्यंत पोहोचले. पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. प्रसिद्ध वैद्य व वनस्पतिज्ञ गार्सिया द ऑर्ता हा अशाच कुटुंबातील होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. भारतीय औषधींवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाला. १५६० मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनने, गुप्तपणे ज्यू आचार पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये जिवंत जाळले. ऑर्ता १५६८ मध्ये मरण पावला होता. १५८० मध्ये त्याचे अवशेष उकरून जाळण्यात आले. शनिवार पाळल्याचा संशय हाही इन्क्विझिशनपुढे ज्यू असल्याचा पुरावा ठरे. गोव्यात ज्याबद्दल देहदंड होऊ शकत होता, तोच शनिवार कुलाब्याच्या किनाऱ्यावरील तेली आपल्या गावात निर्वेधपणे पाळीत होते.

एकोणिसावे शतक : अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत कार्य सुरू केले व १८२६ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला, संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये निघाले. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले (१८३२). मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले-मुली मोठ्या संख्येने शिकली. जुन्या करारातून हे लोक नव्या करारापर्यंत येतील, अशी मिशनऱ्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात धर्मांतरे फारच थोडी झाली. मराठी बायबल व हिब्रूचे ज्ञान यांमुळे बेने इस्राएलांना स्वतःचे ग्रंथ उपलब्ध झाले आणि त्यांची ज्यू अस्मिता दृढ झाली. जोसेफ इझीकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा स्थापण्यात पुढाकार घेतला व समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला (प्रकाशन १९३७). या काळात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली गेली. ख्रिस्ती बाजूने पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळातून मराठीत आणले. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आधुनिक काळ : नाझी राजवटीतील ज्यूंच्या संहारानंतर ख्रिस्ती पंथांना आपल्या शिकवणुकीचा फेरविचार करावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा संमत केला. येशूच्या मृत्यूचा दोष तत्कालीन सर्व ज्यूंवर वा आजच्या ज्यूंवर सरसकट ठेवता येत नाही. ज्यूंना ईश्वराने नाकारलेले वा शापित मानू नये. आणि मंडळीची मुळे इस्राएलच्या परंपरेत आहेत, हे त्यात मान्य करण्यात आले. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतील ज्यूंविषयीचा अवमानकारक शब्द १९५९ मध्येच गाळण्यात आला होता. या परिषदेनंतर कॅथलिक उपासना लोकभाषांत होऊ लागली व मुंबई उपनगरांतील चर्चमध्ये जुन्या कराराचे पाठ मराठीतून ऐकू येऊ लागले.

याच सुमारास बेने इस्राएल मोठ्या संख्येने इझ्राएलला स्थलांतर करीत होते. त्यांच्या ज्यूपणाविषयी तेथे निर्माण झालेला वाद १९६४ मध्ये इझ्राएलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मान्य केल्याने मिटला. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. मुंबई व ठाणे परिसरात या समाजाची संख्या आता अल्प आहे. ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासकास ज्यू परंपरेची साक्ष बहुधा ग्रंथांतूनच मिळते. उत्तर कोकणात ती जिवंत समाजाच्या आचारांतून व मराठी भाषेतून मिळत आली. ज्यू धर्म हा ख्रिस्ती धर्माचा केवळ भूतकाळ नसून स्वतंत्रपणे चालत आलेली परंपरा आहे, ही १९६५ मध्ये अधिकृतपणे मान्य झालेली गोष्ट या प्रदेशाच्या इतिहासात त्यापूर्वीच प्रत्ययास आलेली होती.