भेंडवळची घटमांडणी

भविष्य जाणण्याची इच्छा मनुष्यास का होते, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. पुढे येणारे आधी कळले म्हणजे ते मनाजोगे वळविता येईल, अशी आशा हे एक उत्तर होय. जे आपल्या हाती नाही ते एकदाचे मान्य करून मन मोकळे करावे, अशी ओढ हे दुसरे. पहिली इच्छा ज्योतिष्याच्या दारात नित्य दिसते. दुसरी सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ती पाहावयाची तर शहरातील जन्मपत्रिका क्षणभर बाजूस ठेवून वऱ्हाडातील एका शेताच्या बांधावर जावे लागते.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे व तिच्या पायथ्याशी पूर्णेचे खोरे पसरले आहे. या भागात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ हे गाव आहे. जमीन काळी व कसदार. परंतु खोऱ्याच्या पुष्कळ भागात विहिरीस पाणी लागते ते खारे. म्हणूनच लोक या पट्ट्यास खारपाणपट्टा म्हणतात. भूमीच्या पोटातील पाण्याचा असा भरवसा नसल्यामुळे सारी भिस्त आभाळातील पाण्यावर. मृगाचा पाऊस वेळेवर आला तर वर्ष साधले. नाही तर घरातील धान्य, गोठ्यातील बैल आणि बायकांच्या अंगावरील दागिने, अशी एकेक वस्तू दाराबाहेर जावयाची.

अशा गावी दरवर्षी अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. सुमारे तीनशे ते साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली अशी परंपरा सांगतात, व त्यांचे वंशज ती चालवितात. सूर्यास्ताच्या सुमारास गावाबाहेरील शेतात एक वर्तुळाकार घट आखण्यात येतो. त्याच्या कडेने गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, भादली, अंबाडी, सरकी अशी अठरा प्रकारची धान्ये व बिया ठेवितात. मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे मांडतात. ही पावसाळ्याच्या चार महिन्यांची खूण. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई इत्यादी पदार्थ आणि जवळच विड्याचे पान व सुपारी. सुपारी म्हणजे राजा, असा संकेत आहे. इतके झाले की सर्व मंडळी निघून जातात. रात्री तेथे कोणी थांबावयाचे नाही, असा दंडक आहे.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाबरोबर लोक पुन्हा जमतात. कोणते ढेकूळ किती भिजले यावरून कोणत्या महिन्यात किती पाऊस, कोणता दाणा जागचा हलला यावरून कोणते पीक बरे व कोणते वाईट, आणि सुपारीच्या स्थितीवरून राजाचे, म्हणजे आता राज्यकारभाराचे, भाकीत सांगितले जाते. यात ग्रहगणित नाही. रात्रीचा वारा, मुंगी, एखादे पाखरू, पाझरणारी घागर, एवढेच कारण दाणा हलण्यास व माती भिजण्यास पुरेसे असते. तरीही ते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी येतात.

हा प्रकार एका गावाची लहर नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत आषाढी पौर्णिमेचा असाच एक विधी दिला आहे. निरनिराळी बीजे सारख्या वजनाने तोलून रात्रभर ठेवावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावी. जे बीज वजनात वाढेल त्याचे पीक वाढेल. कृषिपराशर या प्राचीन ग्रंथात वैशाख शुद्ध प्रतिपदेच्या रात्री नदीच्या पात्रात खूण केलेली काठी रोवून सकाळी पाण्याची पातळी पाहण्यास सांगितले आहे. संध्याकाळी मांडणे, रात्र जाऊ देणे व सकाळी पाहणे, हा सांगाडा तिन्ही ठिकाणी एकच आहे.

कृषिपराशराची रचना मोठी बोधप्रद आहे. सर्व शेतीचे मूळ पाऊस, म्हणून आरंभी पर्जन्यज्ञान. परंतु तेवढे सांगून तो ग्रंथ थांबत नाही. पुढे बैलांची निगा, शेणखताची तयारी, नांगराचे भाग, बियाण्याची साठवण, निंदणी, शेतातील पाण्याचा निचरा, असा विषय क्रमाने येतो. आभाळाचा हिशेब एकदा आभाळाच्या स्वाधीन केला की उरलेले सारे शेतकऱ्याच्या अंगावर पडते, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते.

पावसापुढे नम्र होण्याचा हा धडा आधुनिक शास्त्रासही गिरवावा लागला. हिंदुस्थानात हवामानखाते 1875 साली स्थापन झाले. 1877 च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचा अंदाज आधी मिळावा अशी निकड सरकारला भासली, आणि हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून ब्लॅनफर्ड यांनी 1886 साली मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध केला. त्यांच्यामागून आलेल्या एलियट यांनी 1899 साली चांगल्या पावसाचा अंदाज वर्तविला. त्या वर्षी पाऊस साफ फसला, व वऱ्हाडासह देशाच्या मोठ्या भागावर घोर दुष्काळ कोसळला. टीका इतकी झाली की पुढे काही वर्षे हे अंदाज लोकांपुढे न मांडता सरकारी दप्तरातच ठेवण्यात आले. 1904 साली खात्याची सूत्रे घेणारे गिल्बर्ट वॉकर हे गणिती होते. त्यांनी जगभरच्या नोंदींची परस्परांशी तुलना करून संभाव्यतेच्या भाषेत बोलण्याचा मार्ग घातला. पुढे एप्रिलमध्ये निघणाऱ्या सरकारी अंदाजात सरासरीच्या इतके टक्के पाऊस आणि त्यात पाच टक्क्यांची चूक संभवनीय, असे लिहिण्याचा प्रघात पडला. आपली चूक किती असू शकेल हे आधीच सांगणे, हा शास्त्राने केलेला अहंकाराचा त्याग होय.

व्यक्तीच्या आयुष्यात हाच त्याग मराठी घरांनी शनीच्या निमित्ताने ओळखला आहे. साडेसाती लागली असे म्हटले की घरातील कर्त्या पुरुषाचा आवाज थोडा खाली येतो. शनिमाहात्म्याच्या पोथीतील विक्रम राजा ग्रहाची थट्टा करतो. पुढे राज्य जाते, हातपाय जातात, आणि तेल्याच्या घाण्यावर बसण्याची पाळी येते. शेवटी शनी प्रसन्न होऊन वर माग म्हणतो, तेव्हा विक्रम मागतो ते असे की, मला दिलीस तशी पीडा दुसऱ्या कोणास देऊ नकोस. राज्य परत मिळते, परंतु ते घेणारा राजा पूर्वीचा राहिलेला नसतो. ग्रहाने माणूस बदलला की दुःखाने, याचा निर्णय श्रोत्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे करावा.

तथापि या त्यागाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी भेंडवळच्या भाकितांवर वेळोवेळी आक्षेप घेतला आहे, व तो वाजवी आहे. चांगल्या पावसाचे भाकीत ऐकून कोणी पहिल्या सरीवरच पेरणी केली आणि नंतर उघडीप पडली, तर दुबार पेरणीचे बियाणे कोणाच्या पैशाने यावयाचे? अमुक पीक बुडणार असे ऐकून कोणी ते पेरलेच नाही, तर त्याची भरपाई घट करीत नाही. दाणा वाऱ्याने हलतो. कर्ज मात्र माणसाच्या नावावर राहते. ज्या वऱ्हाडात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले, तेथे ही गोष्ट विसरणे हा अपराध ठरेल. पावसावरचा हक्क सोडणे व आपल्या विचारावरचा हक्क सोडणे, यांत मोठे अंतर आहे.

तेव्हा त्या घटात पाहण्यासारखे काय राहिले? त्यातील अठरा धान्ये. 1980 नंतरच्या काळात विदर्भात सोयाबीन झपाट्याने पसरले, आणि कापूस व सोयाबीन यांच्या गर्दीत जवस, करडी, भादली, अंबाडी शेतातून मागे हटली. घटाभोवती मात्र त्यांची जागा राखलेली आहे. एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे, म्हणून जुना शेतकरी आपल्या रानात अनेक धान्यांचा मेळ घाली. पाऊस कसा येईल हे ठाऊक नाही, अशी कबुली देणारा माणूसच असा मेळ घालतो.

शेजारच्या खानदेशात याच सणास आखाजी म्हणतात. सालदाराचे जुने साल या दिवशी संपून नवे ठरावे, असा तेथील रिवाज. वर्ष फिरते ते या तिथीवर. भेंडवळच्या शेतात सकाळी भाकीत सांगून होते, गर्दी पांगते, आणि वैशाखाचे ऊन चढण्यापूर्वी माणसे आपापल्या गावच्या वाटेला लागतात. मृग अद्याप दूर असतो. रानातील काडीकचरा वेचावयाचा असतो, शेणखत पसरावयाचे असते, वखर दुरुस्त करावयाचे असते, आणि घरातील बियाणे एकदा उघडून पाहावयाचे असते.