ऑस्टियाच्या बंदरातील निरोप

जुन्या गोव्यातील पवित्र टेकडीवर दोन वास्तू एकमेकींच्या निकट उभ्या आहेत. एक म्हणजे संत ऑगस्टीनच्या नावे बांधलेल्या चर्चचा भग्न मनोरा. दुसरी म्हणजे १६०६ मध्ये आरंभ होऊन १६२७ मध्ये पूर्ण झालेला सांता मोनिका हा संन्यासिनींचा मठ. यात्रेकरू दोन्ही पाहतात आणि पुढे जातात. ही दोन नावे एका आईची आणि तिच्या मुलाची आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या मायलेकांनी एकमेकांचा निरोप घेतला तो इटलीतील ऑस्टिया या बंदरात, इसवी सन ३८७ मध्ये. माणसाची आपल्या आप्तांवरील माया आणि सार्वकालिक जीवनाची आशा यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न त्या निरोपातून ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात मोठ्या तीव्रतेने पुढे आला.

मोनिका ही उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावची. ते गाव आजच्या अल्जीरिया देशात येते. तिचा पती पॅट्रिशियस तापट स्वभावाचा होता, आणि त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो आयुष्याच्या अखेरीसच. त्यांचा मुलगा ऑगस्टीन ३५४ मध्ये जन्मला. मुलगा बुद्धिमान निघाला, परंतु आईच्या श्रद्धेपासून तो दूर गेला. ३८३ मध्ये त्याने कार्थेजच्या बंदरात आईला चुकवून रात्रीच रोमकडे जहाज हाकारले. ती किनाऱ्याजवळच्या एका प्रार्थनास्थळी त्याच्यासाठी प्रार्थना करीत राहिली. पुढे ती समुद्र ओलांडून त्याच्यामागोमाग मिलान शहरी जाऊन पोचली. तेथे तो वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला होता. अखेर ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोझ यांच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा अदेओदातुस याचाही झाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या मुलाची आई ऑगस्टीनबरोबर अनेक वर्षे राहिली होती. कुलीन घराण्यात त्याचा विवाह ठरविण्यासाठी तिला आफ्रिकेस परत धाडण्यात आले, आणि तो विवाह जुळविण्याच्या खटपटीत मोनिकाचाही हात होता. तो विवाह पुढे झालाच नाही. हृदयाचा लचका तुटून रक्त वाहावे तसे आपल्याला त्या वेळी झाले, असे ऑगस्टीनने पुढे लिहिले. परंतु त्या स्त्रीचे नाव त्याने कोठेही नोंदविले नाही. संतचरित्रातील माया म्हणून ती निर्दोष असते असे नाही. मोनिकाची मायाही हट्टी होती, आणि त्या हट्टाची किंमत दुसऱ्या एका आईने मोजली.

बाप्तिस्म्यानंतर ही मंडळी स्वदेशी परतावयास निघाली. टायबर नदीच्या मुखाशी असलेल्या ऑस्टियात, सागरप्रवासापूर्वी ती विश्रांतीसाठी थांबली. एके दिवशी आई आणि मुलगा एका खिडकीशी उभे होते. खाली घराची बाग होती. संतांचे सार्वकालिक जीवन कसे असेल, असा विषय निघाला. इंद्रियांचे सुख, मग पृथ्वी आणि आकाश, मग स्वतःचे मन, असे एकेक मागे टाकीत त्यांचे बोलणे वर चढत गेले. क्षणभर त्या जीवनाला हृदयाचा स्पर्श झाला असे दोघांना वाटले, आणि मग निःश्वास टाकून ते पुन्हा मानवी शब्दांच्या पातळीवर उतरले. लॅटिनवर असामान्य प्रभुत्व असलेला पंडित आणि शास्त्राभ्यास न केलेली त्याची आई, दोघेही येथे एकाच पायरीवर होते. मुलगा ख्रिस्ती झालेला पाहावा एवढीच आपली इच्छा होती, आता या जगात आपले काय काम उरले आहे कोण जाणे, असे मोनिका त्यानंतर म्हणाली. सुमारे पाच दिवसांनी ती तापाने अंथरुणास खिळली.

तिचे वय त्या वेळी ५६ वर्षांचे होते. थागास्तेला पतीशेजारी आपल्यासाठी तिने थडग्याची जागा पूर्वीच राखून ठेवली होती, आणि या गोष्टीचा तिला ध्यास होता. परमुलखात राहणाऱ्या माणसाला ही भावना समजावून सांगावी लागत नाही. आपल्या अस्थी गोदेच्या किंवा कृष्णेच्या पाण्यात पडाव्यात असे दूरदेशी स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी माणसांना वाटते. म्हणूनच तिचा दुसरा मुलगा नाविगियस तिला धीर देण्यासाठी म्हणाला की, परक्या देशात नव्हे, मायदेशी मरण येणे बरे. तिने त्याच्याकडे नापसंतीने पाहिले. देह कोठेही ठेवा, त्याची चिंता करू नका. मात्र जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, अशा आशयाचे तिचे मागणे होते. देवाला कोणतेच ठिकाण दूर नाही, आणि युगाच्या अंती मला कोठून उठवावयाचे हे त्याला कळणार नाही अशी भीती बाळगण्याचे कारण नाही, असेही तिने कोणाला तरी आधी सांगितले होते. नवव्या दिवशी ती गेली.

आता खरी कसोटी मुलाची होती. नातू अदेओदातुस मोठ्याने रडू लागला, तेव्हा मोठ्यांनी त्याला गप्प केले. जी सर्वस्वी मेलेली नाही, तिच्यासाठी आक्रोश करणे योग्य नाही, असे त्यांना वाटत होते. एव्होदियस नावाच्या मित्राने स्तोत्रसंहिता उघडून गायनास प्रारंभ केला आणि घरातील सर्वांनी त्याला साथ दिली. ऑगस्टीनने अश्रू आवरले. दफनविधीत तो रडला नाही. दुःख उतरावे म्हणून त्याने स्नान केले, तरी मन तसेच जड राहिले. पुढे झोपून उठल्यावर अँब्रोझच्या एका स्तोत्राच्या ओळी त्याला आठवल्या, आईची माया आठवली, आणि मग त्याने अश्रूंना वाट करून दिली. आशा आहे तर दुःख का, असे त्याने स्वतःला विचारले. आणि एकत्र राहण्याची इतकी गोड सवय एकाएकी तुटली, ही जखम ताजी होती, असे उत्तर त्याने स्वतःला दिले. पुढे बिशप झाल्यावर एका प्रवचनात त्याने पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्राचा अर्थ उलगडला. आशा नसलेल्यांसारखे दुःख करू नका, एवढेच पौल सांगतो. दुःखच करू नका असे तो सांगत नाही. ऑस्टियाच्या त्या घरात गप्प केलेल्या मुलाला मिळालेला हा उशिराचा न्याय म्हणता येईल. तो मुलगा मात्र सुमारे ३८९ मध्ये, कोवळ्या वयातच, वारला होता.

हा प्रश्न ऑगस्टीनच्या मनातून म्हातारपणीही गेला नव्हता. सुमारे ४२१ मध्ये नोला येथील बिशप पॉलिनस यांनी त्याला पत्राने विचारले की, संताच्या समाधीजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो काय? फ्लोरा नावाच्या एका आईने आपल्या मृत पुत्रासाठी अशी जागा मागितली होती. ऑगस्टीनने उत्तरादाखल एक लहानसा ग्रंथच लिहिला. अंत्यविधी हे मुख्यतः मागे राहिलेल्यांचे सांत्वन आहे. मृतांना उपयोग होतो तो प्रार्थना, वेदीवरील अर्पण आणि दानधर्म यांचा, असे त्याचे म्हणणे. मृत माणसे जिवंतांच्या व्यवहारात लक्ष घालीत असती, तर जी माझ्यामागे भूमी आणि समुद्र ओलांडून आली, ती माझी आई एकाही रात्री मला भेटल्यावाचून राहिली नसती, असे तो तेथे लिहितो. तिच्या मृत्यूला तेव्हा तीसाहून अधिक वर्षे लोटली होती. स्वतः साठी ओलांडलेला हा धर्मपंडित तर्क मांडताना पुरावा म्हणून आईची अनुपस्थिती पुढे करतो, तेव्हा त्या तर्कामागची पोकळी वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही.

देहाच्या स्थानाविषयी मोनिका निश्चिंत होती, परंतु जग तसे राहिले नाही. १४३० मध्ये तिचे अवशेष ऑस्टियाहून रोमला नेण्यात आले. आज ते तेथील संत ऑगस्टीनच्या चर्चमध्ये आहेत. १९४५ मध्ये ऑस्टियात चर्चलगतच्या अंगणात खेळासाठी खांब रोवण्यास मुले खड्डा खणीत होती. त्यांना संगमरवराचा एक तुकडा सापडला. मोनिकाच्या समाधीवरील लेखाचा तो भाग होता. त्या लेखाचे शब्द जुन्या हस्तलिखितांतून अभ्यासकांना आधीच परिचित होते; मूळ दगड आता हाती आला.

ऑगस्टीनने मात्र तिचे स्मारक वेगळ्या रीतीने उभारले. 'कन्फेशन्स' हे त्याचे आत्मनिवेदन तेरा पुस्तकांचे आहे. त्यात आई जागोजागी येते, परंतु तिचे नाव एकदाच येते. तेही नवव्या पुस्तकाच्या शेवटी, तिने सांगितलेल्या आठवणीची तजवीज करताना. वाचकांनी वेदीपाशी मोनिका आणि पॅट्रिशियस या दोघांचे स्मरण करावे, अशी तो तेथे विनंती करतो. या सरत्या प्रकाशात ते माझे आईबाप. एका ईश्वरपित्याखाली ते माझे बंधुभगिनी. आणि ज्या चिरंतन नगरीकडे आपण सारे प्रवासी चाललो आहोत, तेथे ते माझे सहनागरिक, असा त्या विनंतीचा भाव आहे. नाते तेथे नाहीसे होत नाही. त्यातील थोरलेपणा, धाकटेपणा, हट्ट आणि अपराध तेवढे गळून पडतात. थागास्तेचे थडगे रिकामेच राहिले. तापट पती आणि सोशीक पत्नी यांची नावे मात्र त्या एका वाक्यात शेजारी शेजारी आली, आणि सोळा शतके होऊन गेली तरी वाचणारा ती तशीच वाचतो.