श्रोत्यांनी राखलेले संगीत

उपेक्षा ही बहुतेक कलावंतांच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येते; परंतु ती सर्वांस सारखीच मारक होते असे मात्र नाही. उपेक्षित कवीचा ग्रंथ ग्रंथालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडला, तरी शंभर वर्षांनी एखादा जिज्ञासू ती धूळ झटकून तो वाचू शकतो. उपेक्षित चित्रकाराचे चित्र माळ्यावरून खाली उतरवून भिंतीवर लावता येते. पाश्चात्य वाद्यवृंदासाठी रचना करणाऱ्या संगीतकाराची स्थिती याहून फार निराळी आहे. त्याची कृती कागदावर उतरलेली असते खरी. पण तो कागद म्हणजे संगीत नव्हे. ऐंशी-शंभर वादक, एक संचालक, तालमींचे दिवस आणि या साऱ्याचा खर्च सोसणारी एखादी संस्था, इतकी सामग्री जुळून आल्यावाचून त्या कागदास कंठ फुटत नाही. आपल्याकडील बंदीश एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि एका तंबोऱ्याच्या आधारावर पुनः जिवंत होते. सिंफनीस ही सोय नाही. म्हणून जो सिंफनीकार उपेक्षित झाला, तो नुसता विस्मृतच होत नाही. तो मुका होतो.

अशा मुक्या झालेल्या संगीतकारांची विसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये एक रांगच उभी होती. एल्गार, व्हॉन विल्यम्स, ब्रिटन ही नावे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकली असतील. परंतु त्यांच्या पाठीमागे सात सिंफनी लिहिणारे अर्नोल्ड बॅक्स, अकरा लिहिणारे एडमंड रब्रा, पाच लिहिणाऱ्या रूथ गिप्स, जॉर्ज लॉइड आणि हॅवरगल ब्रायन अशी मंडळी होती. आणि त्यांचे बरेचसे संगीत बरीच वर्षे विकत मिळतच नव्हते. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या खपेल तेच काढीत, आणि ज्याचे नाव लोकांस ठाऊक नाही त्याची तबकडी खपत नाही. तबकडी नाही म्हणून नाव ठाऊक होत नाही. या दुष्ट चक्रातून बाहेर पडण्याची वाट बहुधा एकच होती, ती म्हणजे नभोवाणी.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंगचा आरंभ १९२२ साली झाला, आणि २९ सप्टेंबर १९४६ रोजी 'थर्ड प्रोग्रॅम' हा केवळ गंभीर कलाविचारास वाहिलेला सायंकाळचा कार्यक्रम सुरू झाला. या संस्थेजवळ स्वतःचे वाद्यवृंद होते आणि तिकिटविक्रीची चिंता नव्हती. रॉबर्ट सिम्पसन हे स्वतः सिंफनीकार असलेले गृहस्थ १९५१ मध्ये तेथे नोकरीस लागले, आणि त्यांच्या हाती हॅवरगल ब्रायन यांची स्वरलिपी आली. ब्रायन हे स्टॅफर्डशायरमधील कुंभारकामाच्या गावांत, कामगारांच्या घरी १८७६ साली जन्मले. बारा वर्षांच्या वयात त्यांची शाळा सुटली. १९१९ ते १९२७ या आठ वर्षांत त्यांनी 'गॉथिक' नावाची सिंफनी रचिली. तिला वाजवावयास पावणेदोन तास लागतात आणि शेकडो गायक-वादकांची फौज लागते. ती वाजविण्यास कोणी पुढे आला नाही. तरीही हा मनुष्य लिहीत राहिला. १ फेब्रुवारी १९५४ रोजी सिम्पसन यांच्या खटपटीने एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली त्यांची आठवी सिंफनी ध्वनिक्षेपित झाली, तेव्हा स्वतःची एखादी सिंफनी प्रत्यक्ष वाजताना ऐकण्याचा योग रचनाकारास वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रथमच आला! या एका श्रवणाने म्हातारपणास पालवी फुटावी तसे झाले. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी वीसहून अधिक सिंफनी लिहिल्या आणि एकूण संख्या बत्तीसवर नेली. 'गॉथिक' प्रथम १९६१ मध्ये मुख्यतः हौशी मंडळींनी सादर केली. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बोल्ट यांनी ती पुनः वाजविली व ती ध्वनिक्षेपित झाली. त्या रात्री नव्वद वर्षांचे ब्रायन सभागृहात हजर होते.

येथे आमच्या विषयाचा खरा मुद्दा येतो. नभोवाणीने वाजविले हे तिचे मोठेच उपकार. पण नभोवाणीचा स्वर हवेत जन्मतो आणि हवेतच विरतो. रात्री आठ वाजता सुरू झालेली सिंफनी नऊ वाजता संपली की संपली. संस्थेने ध्वनिमुद्रण केले असले तरी ते जपून ठेवलेच जाईल असा भरवसा नव्हता. फीत महाग होती, जागा अपुरी होती, वादकांशी झालेल्या करारांमुळे पुनःपुनः वाजविण्यावर मर्यादा होत्या. म्हणून निवडक तेवढे राखावे आणि बाकीच्या फिती पुसून त्यांवर दुसरे काही भरावे असा प्रघात पडला. मग जी सिंफनी आयुष्यात एकदाच वाजली, तिचे काय झाले? कित्येक वेळा असे झाले, की तिची एकमेव प्रत कोणा श्रोत्याच्या घरात राहिली.

अशा श्रोत्यांपैकी रिचर्ड इटर यांचे उदाहरण बोलके आहे. बकिंगहॅमशायरमधील बर्नहॅम येथे राहणाऱ्या या गृहस्थांनी १९५२ पासून आपल्या घरी ध्वनिक्षेपणे मुद्रित करण्यास आरंभ केला. लाखेसारख्या लेपाच्या तबकड्यांवर आणि चुंबकीय फितीवर त्यांचे काम चाले. १९५५ मध्ये उच्च कंप्रतेचे ध्वनिक्षेपण सुरू झाल्यावर आवाज अधिक स्वच्छ येऊ लागला आणि घरी केलेले मुद्रणही ऐकण्यासारखे होऊ लागले. कार्यक्रमपत्रिका पाहून वेळ धरावयाची, यंत्र आधी तापवून ठेवावयाचे, फितीचे चाक संपण्यापूर्वी दुसरे तयार ठेवावयाचे आणि घरात कोणास खोकू द्यावयाचे नाही, असा हा चाळीसहून अधिक वर्षांचा नेम. १९९६ पर्यंत त्यांच्यापाशी दीड हजारांहून अधिक मुद्रणे जमली. एवढेच करून ते थांबले नाहीत. १९५९ मध्ये त्यांनी 'लिरिटा' नावाची ध्वनिमुद्रिकांची संस्था काढून उपेक्षित ब्रिटिश संगीतास स्वतःच्या पैशाने कंठ मिळवून दिला.

इटर एकटेच नव्हते. नावानिशी इतिहासात न आलेले असे कितीतरी शिक्षक, कारकून, डॉक्टर ब्रिटनमध्ये हेच करीत होते, आणि आपल्याजवळचे दुसऱ्यास देत होते. एका यंत्रावर मूळ फीत लावावयाची, दुसऱ्यावर कोरी. सिंफनी संपेपर्यंत शेजारी बसून राहावयाचे. नंतर पुडके बांधून टपालात टाकावयाचे. मोबदला म्हणून उलट टपाली दुसऱ्या एखाद्या रचनेची नक्कल यावयाची. आम्हांस ब्रायन प्रथम भेटले ते असेच, एका स्नेह्याने दिलेल्या, कितव्या तरी पिढीच्या नकलेतून. प्रत्येक नकलेगणिक आवाजातील तेज थोडे उणे होते आणि खरखर थोडी वाढते. झांजांचा नाद पत्र्यासारखा झाला होता. तरी समूहगायकांचा तो पर्वतप्राय स्वर खरखरीच्या पडद्यातून उठला, तेव्हा चाळीस वर्षे या माणसास कोणी ऐकले नाही हे आम्हांस खरे वाटेना.

आता सुज्ञ वाचक विचारतील, की ही चोरी नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रचनाकाराचा हक्क इंग्लंडच्या कायद्याने त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतो. ब्रायन १९७२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या कृतींवरील हक्क २०४२ अखेरपर्यंत चालणार. १९८८ च्या कायद्याने सोयीच्या वेळी ऐकण्याकरिता घरी मुद्रण करण्यास मोकळीक दिली, वाटण्यास नव्हे. शिवाय या प्रांतात खरे चोरही होऊन गेले. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत 'एरीज' नावाच्या छापाखाली अशाच ध्वनिक्षेपणांच्या तबकड्या विकल्या गेल्या. त्यांवर वाद्यवृंदाचे व संचालकाचे नाव काल्पनिक घातलेले असे. ज्यांनी घाम गाळला त्यांचे नाव पुसून ज्याने पैसा केला, त्याची वकिली आम्ही करणार नाही. परंतु मोबदला न घेता, वादकांची खरी नावे आणि तारीख लिहून एका रसिकाने दुसऱ्यास दिलेली प्रत ही त्याच मापाने मोजावी काय? कायद्याचे माप एक असेल, पण न्यायबुद्धीचे माप दोहोंत भेद करते. ज्या वस्तूचा मालक तिला पुसून टाकतो, ती ज्याने वेचून ठेवली त्यास आम्ही चोर म्हणण्यापेक्षा राखणदार म्हणू.

संस्थेसही सर्वस्वी दोष देणे योग्य नाही. १९५९ नंतर तेथील संगीतविभागाचे अधिपती असलेल्या विल्यम ग्लॉक यांनी जुन्या वळणाच्या रचनाकारांस दूर लोटले असा आरोप वारंवार होतो. पण त्यांच्याच कारकीर्दीत १९६६ ची 'गॉथिक' झाली हे विसरता येत नाही. पुढे त्याच संस्थेने ब्रायन यांच्या बत्तीसही सिंफनी ध्वनिक्षेपित केल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली आर्क्टिक समुद्रात जहाजावर घडलेल्या अपघाताने मन खचलेले आणि पुढे डॉर्सेटमध्ये फुले व अळंबी पिकवून राहिलेले जॉर्ज लॉइड यांची आठवी सिंफनी तिनेच १९७७ मध्ये ऐकविली. तात्पर्य, नभोवाणीने ऐकविले आणि श्रोत्यांनी राखले. एकाचे काम दुसऱ्यावाचून अपुरे राहिले असते.

राखणारा कोणी नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. मँचेस्टरचे जॉन फोल्ड्स यांचे 'वर्ल्ड रेक्विएम' ११ नोव्हेंबर १९२३ रोजी महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये हजाराहून अधिक कलाकारांनी सादर केले. १९२६ नंतर ते जे मुके झाले ते २००७ पर्यंत. फोल्ड्स १९३५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९३७ मध्ये दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. हार्मोनियमविरुद्ध त्यांनी नभोवाणीच्या नियतकालिकात टीका केली होती. त्या वाद्यावर १९४० मध्ये आलेली बंदी आमच्याकडील जुन्या गवयांस चांगलीच जाचली. पण त्याच माणसाने आपल्या वादकांस त्यांचीच वाद्ये घेऊन एकत्र बसविले व पूर्व-पश्चिमेचा मेळ घालणारी सिंफनी लिहिली, हे फारसे कोणास ठाऊक नाही. एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्यास पटकीने त्यांचा अंत झाला. ती सिंफनी हरवली आहे. चांगली होती की वाईट, हे आता कोणीच सांगू शकत नाही. आणि हीच खरी हानी होय.

कारण उपेक्षित म्हटला की थोर, असा आमचा दावा मुळीच नाही. ब्रायन यांच्या काही सिंफनी आम्हांस आजही बोजड वाटतात. परंतु बोजड आहे हे ठरविण्याचा अधिकारदेखील ऐकणारासच पोहोचतो. काळाच्या न्यायालयात अपील करावयाचे तर पुरावा शिल्लक असावा लागतो. आणि तो पुरावा या मंडळींनी राखला. ब्रायन यांच्या सिंफनींची पहिली विक्रीयोग्य ध्वनिमुद्रिका लेस्टरशायरच्या शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदाने १९७२ मध्ये मुद्रित केली. 'गॉथिक'ची पहिली १९८९ मध्ये ब्रातिस्लाव्हात झाली. तोपर्यंत या रचनाकाराची जी काही कीर्ती टिकली, ती प्रामुख्याने हातोहात फिरणाऱ्या फितींच्या आधारावर टिकली.

इटर २०१४ मध्ये वारले. नभोवाणीशी आणि वादकांच्या संघाशी रीतसर करार होऊन त्यांच्या संग्रहातील मुद्रणे आता एकामागून एक प्रसिद्ध होत आहेत. म्हणजे बर्नहॅमच्या एका खोलीत केलेल्या त्या उद्योगास अखेर कायद्याचीही मान्यता मिळाली. आमच्याकडेही कित्येक घरांतील कपाटांत जुन्या मैफलींच्या आणि नभोवाणीवरील गायनाच्या फिती पडून आहेत. त्यांतील काही 'दुसऱ्या कोणाकडे नाही' एवढ्याच अभिमानाने कुलुपात ठेविलेल्या असतात. त्यांच्या मालकांस आमची एवढीच विनंती आहे, की फितीस बुरशी लागते आणि मनुष्यास मरण असते. एका घरात असलेली प्रत एका पावसाळ्यात नाहीशी होऊ शकते. चार घरांत गेलेली सहसा होत नाही. संगीत राखावयाचे असेल तर ते वाटलेच पाहिजे.