लेंड्यांतलं हिरवं गणित

जेवत असाल तर पॉज करा, नंतर ऐका. पण ऐका. आज विषय आहे मेंढीच्या लेंड्या.

प्रश्न साधा आहे. कुरणात चरणारी मेंढी दिवसाला किती गवत खाते? गोठ्यात चारा तोलता येतो. कुरणात काय तोलणार? आणि हेच कळलं नाही तर एका कुरणावर किती मेंढरं सोडायची ते सगळं अंदाजपंचे. म्हणून शास्त्रज्ञ मागच्या बाजूने गेले. शेण किती पडतं आणि गवत किती टक्के पचतं हे कळलं, की खाल्लेलं निघतं.

आधी मेंढीच्या मागे पिशवीच बांधायचे. नराचं जमायचं, मादीचं मूत्रही त्यातच! शिवाय अशी पिशवी लटकवून ती नेहमीसारखी चरेल का?

मग आली क्रोमिक ऑक्साइडची पूड. हो, रंगात वापरतात तीच हिरवी. ती पचत नाही, जवळपास जेवढी तोंडातून तेवढी खालून. स्वीडनच्या एडिन यांनी ती १९१८ मध्येच पचन मोजायला वापरली होती. चरणाऱ्या जनावरांचं शेण मोजायला ती कशी वापरायची, यावर ब्रिटनमध्ये रेमंड आणि मिन्सन यांचा लेख १९५५ मध्ये आला.

गणित बघा. रोज १ ग्रॅम पूड दिली. काही दिवसांनी सुक्या शेणाच्या दर ग्रॅममध्ये २.५ मिलिग्रॅम सापडली. म्हणजे शेण ४०० ग्रॅम. गवत ६० टक्के पचत असेल, तर मेंढीने १ किलो सुका चारा खाल्ला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जादूच वाटली.

पण जादूत खोट होती. पूड दिवसभर सारखी बाहेर पडत नाही. सकाळच्या नमुन्यात एक आकडा, संध्याकाळच्यात दुसरा. म्हणून दिवसातून दोनदा डोस द्या, दोनदा नमुने घ्या. १९६० च्या सुमारास तर पूड कागदात मिसळून तो कागद मेंढ्यांना खाऊ घातला, सावकाश सुटावी म्हणून! पुढे पोटात हळूहळू झिजणाऱ्या कॅप्सूल आल्या.

आणि पचनाचा आकडा? तो ६० ऐवजी ६५ धरला, तर तीच मेंढी १ किलोवरून जवळजवळ १,१४० ग्रॅमवर जाते. शेण तेवढंच! १९८६ मध्ये मेज आणि सहकाऱ्यांनी गवताच्या पानावरचं मेणच खूण म्हणून वापरलं, सोबत तसाच एक पदार्थ बाहेरून पाजला. दोघांचं गुणोत्तर घेतलं की शेण किती पडलं हे मोजायचीही गरज उरली नाही.