आगोटीची खरेदी

किनाऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची खरी परीक्षा वैशाखात व्हायची. मालवण तालुक्यात, खाडीकाठच्या आमच्या गावी आजोबांचं दुकान होतं. पाऊस जवळ आला की गलबतं ओढून शाकारली जायची, मुंबई-गोवा आगबोटी थांबायच्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. घाटाचा रस्ता होता, पण आमच्या आणि त्याच्यामध्ये बिनपुलाच्या खाड्या, आणि आषाढातल्या उधाणात तरही चालत नसे. मीठ, गूळ, डाळी, मिरची, रॉकेल, काड्यापेट्या, सगळं आधीच भरावं लागे. हीच आगोट.

आजोबांचं भांडवल या एका खरेदीत गुंतायचं. जास्त भरलं तर श्रावणापर्यंत मिठाला पाणी सुटे, गूळ पाझरे, डाळीत पोरकिडे होत. कमी भरलं तर गिऱ्हाईक रिकामी पिशवी घेऊन परत जाई आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याचं होई. म्हणून त्यांनी पावसाळ्याची वेगळी वही ठेवली होती. कोणत्या घरानं गेल्या पावसाळ्यात काय, किती नेलं ते त्यात असे. आणि त्याच ओळीत, त्या घरातलं कोण गिरणीत आहे तेही. मनीऑर्डर गिरणगावातून यायची. घरात माणसं किती, यापेक्षा परळ-लालबागला कमावणारं कोण, यावर आमच्या डाळीची पोती ठरत. या किनाऱ्याचा अर्थव्यवहार मला त्या वहीइतका स्पष्ट कुठेच दिसला नाही.

माल लावण्यातही त्यांचा काटेकोरपणा होता. मीठ स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, चुलीची ऊब मिळेल असं. कांद्याच्या माळा वाशांना. जुनं पोतं पुढे, नवं मागे. हा क्रम कुणी मोडला तर आजोबा स्वतः पोती उपसून पुन्हा लावत.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. तोवर दुकान वडिलांकडे आलं होतं आणि ट्रकनं थोडाफार माल येऊ लागला होता, तरी आगोट त्यांनी जुन्या वहीच्या आकड्यांनीच भरली. माल सगळा खपला, पण उधारीवर. गणपतीच्या सुमारास फळ्या रिकाम्या होत्या आणि गल्लाही. ज्यांच्या दारी मनीऑर्डर येत नव्हती त्यांना नाही म्हणणं वडिलांना जमलं नाही, आणि ते मला आजही योग्यच वाटतं. पण व्यापाऱ्याचं देणं फेडायला आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या.

खाड्यांवर पूल झाले तशी ती वही मागे पडली. आता दुकान चुलतभाऊ चालवतो. वितरकाची गाडी भर पावसातही दर आठवड्याला येते, म्हणून तो साखरेची दोनच पोती ठेवतो. उरलेल्या जागेत त्यानं दुधाचा फ्रीज मांडलाय. सकाळी त्याच्यासमोर रांग असते.