पटावरील मौन

बुद्धिबळाचा डाव मांडला कीं आमच्या घरांतून बोलण्याला ऊत येतो. खेळणारे दोघे, पण तोंडें चार. शेजारी बसलेला गृहस्थ तर स्वतःचें प्यादें मरत नसल्यामुळें अधिकच शूर होतो. अशांना स्पर्धेतील मौन माणूसघाणेपणाचें वाटल्यास नवल नाहीं. परंतु त्या मौनालाही इतिहास आहे.

अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यानें १७८६ सालीं बुद्धिबळाच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रतिपक्षी विचार करीत असतां त्याला घाई करूं नये, गाऊं नये, शीळ घालूं नये, घड्याळ काढून पाहूं नये आणि जिंकल्यावर टोचून बोलूं नये, असें त्यानें सांगितलें. प्रेक्षकांनीं गप्प बसावें, हेंही त्यांत होतेंच. हा केवळ उपदेश होता. तो मोडणाऱ्यास शिक्षा नव्हती. पुढें १९२४ सालीं पॅरिस येथें जागतिक बुद्धिबळ संघटना स्थापन झाली. तिच्या आजच्या नियमांत प्रतिपक्ष्याचें लक्ष विचलित करणें निषिद्ध आहे. बरोबरीचा प्रस्तावही आपली खेळी केल्यावर, घड्याळ दाबण्यापूर्वीं मांडावयाचा. तो अवाजवी रीतीनें केल्यास त्रासांतच मोडतो. सोंगटी नुसती नीट ठेवावयाची असल्यास तसें आधीं सांगावें लागतें.

शिष्टाचाराचा असा कायदा झाला, म्हणून सौजन्य वाढलें काय? १९७२ सालीं रेक्याविक येथें सहाव्या डावांत फिशरनें सुंदर विजय मिळविला, तेव्हां पराभूत स्पास्कीनें प्रेक्षकांबरोबर स्वतः टाळ्या वाजविल्या. कोणत्याही नियमानें त्याला हें सांगितलें नव्हतें. उलट १९७८ सालीं फिलिपाइन्समधील बाग्यो येथें कार्पोव्हनें आठव्या डावापूर्वीं कोर्चनॉयशीं हस्तांदोलन करण्याचें नाकारलें. कोर्चनॉय १९७६ सालीं सोव्हिएत देश सोडून गेला होता आणि त्याचें कुटुंब मागेंच अडकलें होतें. राजकारणाचें हें वैर पटापर्यंत आलें. दुसऱ्या डावांत कार्पोव्हला पाठविलेल्या दह्यांतही विरुद्ध पक्षास संकेताचा संशय आला! सामना बत्तीस डाव चालला आणि कार्पोव्हनें तो सहा विरुद्ध पाच विजयांनीं जिंकला.

मौन दोन्हीं ठिकाणीं होतें. परंतु एका ठिकाणीं तें आदराचें, दुसऱ्या ठिकाणीं अबोल्याचें. नियम तोंड बंद करूं शकतो, हात पुढें करावयास लावूं शकत नाहीं. म्हणून मुलांना पट शिकवितांना खेळ्यांबरोबरच डाव चालूं असतां गप्प बसणें आणि हरल्यावर 'छान खेळलास' असें मनापासून म्हणणें, हेंही घरींच शिकवावें, असें आम्हांस वाटतें. शेजारी बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं त्याचा आरंभ स्वतःपासून करावा.